क्रुशाच्या विधवा आणि घराची मालकी

क्रुशा ए माधे हे दक्षिण कोसोव्होतलं, प्रिझ्रेन आणि राहोव्हेत्स यांच्यामधल्या सुपीक सपाटीवरचं अल्बेनियन गाव. इथली लाल मिरची नावाजलेली. कोसोव्हो तेव्हा सर्बियाचा प्रांत होता. २४ मार्च १९९९ ला सर्बियावर नाटोची बॉम्बफेक सुरू झाली आणि त्याच आठवड्यात सर्बियन पोलीस आणि सैनिक गावात शिरले. बायकामुलांना अल्बेनियाच्या सरहद्दीकडे हाकललं, पुरुषांना मागे ठेवलं. दोनशेहून जास्त पुरुष आणि वयात येणारे मुलगे मारले गेले किंवा बेपत्ता झाले. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयातल्या आरोपपत्रात या गावाचं नाव आहे. जूनमध्ये युद्ध थांबल्यावर बायका परतल्या तेव्हा घरं जळालेली होती, शेतं तणानं भरलेली होती आणि गावात सुमारे १४० विधवा होत्या.

त्या शेतांचं आणि घरांचं पुढे काय व्हायचं, हा या प्रकरणाचा विषय. कुणा एका खऱ्या बाईचं घरगुती भांडण मी इथे मांडत नाही. त्या पट्ट्यात सर्रास दिसणारं एक घर धरू. जमीन कागदोपत्री अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, पण नाव बदलायला कुणी गेलेलं नाही. त्यांच्या दोन नातवांचं घर एकत्र होतं. थोरला गावात शेती बघायचा, धाकटा जर्मनीत मजुरी करून पैसे पाठवायचा. थोरला मार्चमध्ये गेला. मागे बायको आणि दोन मुली, मुलगा नाही. हे घर मी रचलेलं आहे, पण त्याला लागू होणारे नियम खरे आहेत आणि ते एका जागी नाहीत. एकाच चुलीवर निदान तीन कायदे हक्क सांगतात.

त्यातला सगळ्यात जुना आणि दैनंदिन व्यवहारात सगळ्यात वजनदार म्हणजे कानून, पंधराव्या शतकातला सरदार लेक दुकाग्यिनी याच्या नावानं चालत आलेले अल्बेनियन रिवाज. शतकानुशतकं ते तोंडी होते. ते गोळा केले श्त्येफन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं. १९१३ पासून उत्तर अल्बेनियातल्या श्कोदर शहराच्या एका मासिकात ते तुकड्यातुकड्यानं छापून येऊ लागले. पूर्ण संहिता निघाली १९३३ मध्ये, बारा भाग आणि १२६२ कलमांची. ग्येचोवीला ती बघायला मिळाली नाही. तो झ्युम गावचा पाद्री होता. १४ ऑक्टोबर १९२९ ला प्रिझ्रेनहून परतताना त्याला वाटेत गोळ्या घातल्या. झ्युम क्रुशापासून फार लांब नाही. म्हणजे ही संहिता जिथे पाळली जात होती तिथेच राहून तिचा संग्राहक काम करत होता.

आता आपल्या घराला कानून लावू.

पहिली गोष्ट म्हणजे नवरा-बायकोची मिळून मालमत्ता अशी काही वस्तूच कानूनमध्ये नाही. मालक घर आहे. घराला एक कर्ता असतो, बहुधा थोरला पुरुष. तो खरेदी-विक्री करतो, पाहुण्यांना सामोरा जातो, कुणाला कोणतं काम ते सांगतो. पण तोही मनमानी करू शकत नाही. घर धुळीला मिळवायला निघालेल्या कर्त्याला घरची माणसं बाजूला सारू शकतात. जमीन विकायचीच झाली तर आधी भाऊबंदांना विचारायचं, त्यांनी नको म्हटलं तर शेजाऱ्याला, मग गावाला. त्यामुळे ‘कानूननं बायकोला काही दिलं नाही’ हे वाक्य खरं असलं तरी अर्धंच आहे. नवऱ्यालाही त्यानं आजच्या अर्थानं मालकी दिली नव्हती. फरक एवढाच की नवरा त्या घराचा अंश होता आणि बायको नव्हती.

हा फरक संहितेत आडपडदा न ठेवता लिहिलाय. वारस मुलगा, मुलगी नव्हे. बाईला आईबापाकडून वाटा नाही, नवऱ्याकडूनही नाही. कारणंही दिली आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. बाईच्या मुलांनी मामाच्या जमिनीत येऊन बसू नये, बाईच्या आईबापांनी निपुत्रिक जावयाच्या जमिनीवर हक्क सांगू नये आणि एका बायराकची, म्हणजे एका निशाणाखालच्या टोळीची भाऊबंदकी दुसरीत मिसळू नये. बाई अडाणी किंवा दुबळी आहे म्हणून तिला जमीन द्यायची नाही, असं कानून म्हणत नाही. ती दोन घरांमधला दुवा आहे आणि त्या दुव्यावरून जमीन वाहून जाता कामा नये, असं त्याचं म्हणणं. बापाकडून चालतं ते रक्ताचं झाड, आईकडून चालतं ते दुधाचं. वारसा आणि वैर, म्हणजे खुनाचा बदला घ्यायचा हक्क, रक्ताच्या झाडावरून जातात. दुधाच्या झाडावरून आजोळचा जिव्हाळा जातो, सातबारा जात नाही.

तर आपल्या घरात थोरल्याचा हिस्सा धाकट्याकडे जातो. खरं तर ‘जातो’ म्हणणंही चूक, कारण तो वेगळा कधी नव्हताच. विधवेला मुलगा असता तर चित्र बदललं असतं. तो वयात येईपर्यंत ती त्याच्या नावानं घर धरून बसली असती, दिरानं व्यवहार पाहिले असते आणि म्हातारपणी मुलाच्या घरात तिचा शब्द चालला असता. कानूननुसार घरात चुलीवर आणि कोठारावर सत्ता गाजवणारी एक कर्ती बाई असते. पीठ, मीठ, लोणी, चीज उसनं द्यायचं-घ्यायचं तिनं ठरवायचं. ही लहान सत्ता नव्हे, पण ती हुद्द्याची सत्ता, मालकीची नव्हे. हुद्दा गेला की सत्ता गेली. दोन मुलींच्या आईला तो हुद्दा कोण देणार?

तिच्याजवळ उरते ती नवरीची पेटी. लग्नात बाई लाकडी पेटी घेऊन येते. तिच्यात विणलेले मोजे, पदर, चादरी, अंगावरचे कपडे, सोन्याची नाणी. संहितेप्रमाणे नवरीच्या साजशृंगाराची काळजी नवऱ्याकडच्यांनी करायची, आईबापांनी नव्हे. शिवाय तिच्यासाठी रक्कमही मोजायची. आपल्याकडच्या हुंड्याच्या नेमकं उलट, पण त्यानं बाईचं पारडं जड होत नाही. जी पैसे मोजून आणली तिच्या श्रमावर घराचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. पेटीतलं सोनं मात्र युद्धानंतर अनेक बायकांच्या कामी आलं असणार, कारण त्यावर दिराला हक्क सांगता येत नव्हता. अट एकच, ते सोनं मार्च १९९९ मधून वाचलेलं असायला हवं.

त्या पेटीत आणखी एक वस्तू असायची आणि तिच्याबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. नवरीचे आईबाप जावयाला एक काडतूस द्यायचे. व्यभिचार केला किंवा पाहुण्याशी दगा केला तर नवऱ्यानं बायकोला गोळी घालावी आणि माहेरच्यांनी वैर धरू नये, याची ती आगाऊ पावती. एरवी बायकोचा खून झाला तर वैर धरायचा हक्क माहेरचा, कारण तिचं रक्त कधीच सासरला विकलेलं नसतं. सासरनं घेतले ते तिचे हात आणि तिची कूस. रक्ताची भरपाई सुद्धा ठरलेली होती. बाईच्या रक्ताचे तीन थैल्या नाणी, पुरुषाचे सहा. मारलेली बाई गरोदर असेल तर तिचं पोट उघडून बघायचं. मुलगा असेल तर आणखी सहा थैल्या, मुलगी असेल तर तीन. जन्माला यायच्या आधीच जीवाचा भाव ठरवणाऱ्या या कलमाकडे ‘जुन्या काळी असंच असायचं’ म्हणून मी डोळेझाक करू शकत नाही. पण त्याचा हिशेब नेमका जमिनीच्या हिशेबासारखाच आहे, हेही दिसतं. मुलगा म्हणजे घराचं पुढचं पान, मुलगी म्हणजे दुसऱ्याच्या घराचं.

मुलांचा प्रश्न सगळ्यात दुखरा. बाई सासरी राहिली तर मुलं तिच्याजवळ. ती माहेरी परत गेली किंवा दुसरं लग्न केलं तर मुलं बापाच्या घरची, ती मागेच राहणार. १९९९ नंतर कोसोव्होत तरुण विधवांपुढे हा पेच जागोजागी उभा राहिला. दुसरा घरोबा करायचा तर पोरं सोडायची. पोरं हवीत तर सासरच्या उंबऱ्याशी आयुष्य काढायचं. काही ठिकाणी तिसरा मार्ग सुचवला गेला, दिराशी लग्न. कॅथलिक पाद्री पूर्वीपासून त्याला विरोध करत आले. तरी डोंगराळ भागात तो चालत राहिला, कारण त्यानं एका दगडात दोन पक्षी मरत. बाई घरात राहते, जमीन घरात राहते.

बाईच्या हाती जमीन येण्याची एक वाट या रिवाजात होती. वाचकांनी तिच्याबद्दल कुठेतरी वाचलं असेलच, कारण छायाचित्रकारांना ती फार आवडते. बुर्नेशा, म्हणजे ब्रह्मचर्याची शपथ घेऊन पुरुषाच्या वेशात, पुरुषासारखं जगणारी बाई. एडिथ डरहॅम या इंग्रज प्रवासिनीनं १९०८ च्या सुमाराला उत्तर अल्बेनियात अशा बायका पाहिल्या आणि लिहून ठेवलं की मुलगा नसलेल्या बापाची जमीन अशी मुलगी आयुष्यभर कसू शकते. तिच्यानंतर मात्र ती जवळच्या पुरुष भाऊबंदाकडे जाते. म्हणजे वारसा नव्हे, हयातीपुरता ताबा. ग्येचोवीच्या संहितेत तर या बायकांना पुरुषांत बसायची मोकळीक आहे, पण सभेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क नाही. या वाटेचं कौतुक करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, ती लग्न झालेल्या बाईला बंदच होती. आपल्या घरातल्या विधवेला तिचा काही उपयोग नाही. मुलींना तेवढा असता, तोही संसारावर पाणी सोडून.

दुसरा कायदा शरीयतचा. क्रुशातले लोक मुसलमान. त्यांच्या हनफी पंथाच्या वारसाहक्काप्रमाणे मुलं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मिळकतीचा आठवा हिस्सा. मुलगा नसेल तर दोन किंवा अधिक मुलींना मिळून दोन तृतीयांश. भावाला उरलेलं, म्हणजे पाच चोवीसांश. कागदावर हे कानूनपेक्षा कितीतरी उदार आहे. १९१२ पर्यंत इथे उस्मानी राज्य होतं, गावात मशीद होती, तरी जमिनीची वाटणी कानूननंच चाले. एकच रिवाज कॅथलिक आणि मुसलमान अल्बेनियन दोघेही पाळत, आणि दोघांच्याही धर्मगुरूंचं त्यापुढे फारसं चालत नसे. धर्मानं बाईला वाटा दिला नाही असं जिथे म्हटलं जातं, तिथे आधी तिथले रिवाज तपासावेत असं मला वाटतं.

तिसरा कायदा राज्यसंस्थेचा, आणि तो नवा नाही. युगोस्लाव्हियाच्या १९४६ च्या विवाह कायद्यानं लग्नानंतर कष्टानं मिळवलेली मिळकत दोघांची केली. १९५५ च्या वारसा कायद्यानं मुलगा-मुलगी सारखे केले. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाखाली कोसोव्होच्या विधिमंडळानं २००४ मध्ये वारसा आणि कुटुंब यांचे नवे कायदे केले. त्यांत पहिल्या क्रमाचे वारस म्हणजे मयताची मुलं आणि जोडीदार, सर्वांना समान. आपल्या घरात विधवा आणि दोन मुली, प्रत्येकीला एक तृतीयांश. दिराला शून्य. कानूनच्या उत्तराच्या बरोबर उलटं.

मग प्रश्न सुटला का? इथेच प्रकरण खरं गुंतागुंतीचं होतं.

एक तृतीयांश कशाचा? मयताच्या मिळकतीचा. मयताच्या नावावर काय आहे? काही नाही. सगळं आजोबांच्या नावावर. आधी आजोबांचा वारसा उघडायचा, मग बापाचा, मग नवऱ्याचा. त्यात आत्या, चुलते, त्यांची मुलं, कुणी स्वित्झर्लंडला तर कुणी तुर्कस्तानात. त्यात भर म्हणजे जून १९९९ मध्ये सर्बियन प्रशासन माघार घेताना जमिनीच्या नोंदींची दप्तरं सर्बियात घेऊन गेलं. कागद शोधायचा तर शोधायचा कुठे?

शिवाय मयत मयत आहे हे सिद्ध कसं करायचं? क्रुशातल्या अनेक पुरुषांचे मृतदेह मिळालेच नव्हते. २००१ मध्ये बेलग्रेडजवळ बातायनित्सा इथे सामूहिक कबरी सापडल्या. कोसोव्होतून ट्रकांत भरून नेलेले सातशेहून अधिक मृतदेह तिथे पुरले होते. देह हाती येईपर्यंत अनेक बायका नवऱ्याला मृत घोषित करायला तयार नव्हत्या. कोर्टात तसा अर्ज करणं म्हणजे आपल्या हातानं आशा संपवणं. वारसा उघडत नाही, कारण माणूस कायद्यानं बेपत्ता आहे. या काळात जमीन कोण कसणार, मिरची कोण लावणार, हे रिवाजच ठरवतो.

आणि तिसरी अडचण, जी आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला समजावून सांगावी लागणार नाही: हक्कसोड. कोसोव्होत वारसांची यादी बनताना मुलींची नावं गाळणं ही जुनी रीत. नाव घातलंच तर मुलगी कोर्टात येऊन सही करते, मला वाटा नको. तिच्यावर कुणी हात उगारलेला नसतो. तिला भावाचं दार उघडं हवं असतं. माहेर असणं, तिथे वर्षातून काही दिवस जाऊन राहणं, सासरी काही बिनसलं तर पाठीशी भाऊ असणं, हे तिचं खरं विमाकवच, आणि त्याचा हप्ता म्हणजे तो वाटा. तिला मूर्ख म्हणणाऱ्या शहरी कार्यकर्त्यांशी माझं पटत नाही. तिनं हिशेब बरोबरच केलेला असतो. फक्त त्या हिशेबात भाऊ जिवंत असतो आणि सासरी नवरा. मार्च १९९९ नंतर क्रुशात कितीएक बायकांचे दोन्ही एकाच दिवशी गेले. कानून ज्या गृहीतावर उभा आहे, बाईला जमीन नको कारण तिला सांभाळणारा पुरुष कुठल्यातरी एका घरात असणारच, ते गृहीत त्या गावात कोसळलं. तेव्हा कानूनजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. हे घडायला एक हत्याकांड लागलं.

पुढे जे झालं ते कोर्टात झालं नाही, शेतात झालं. बायका मिरचीच्या मळ्यात उतरल्या, ट्रॅक्टर चालवायला शिकल्या. गाडी चालवणाऱ्या विधवेकडे तेव्हा गावात तिरक्या नजरेनं पाहिलं जाई. मिरची भाजून, सोलून, दळून, तेलात तासन्‌तास परतून आयव्हार करायचा. हिवाळ्यात पावावर लावायची ती जाड लाल चटणी तिथल्या प्रत्येक घरात होते. तीच बरण्यांत भरून त्या विकायला लागल्या. २०१० मध्ये गावात बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, तिचा माल परदेशातही गेला. कौतुकाच्या बातम्या भरपूर आल्या. त्या बातम्यांत क्वचित येतं ते हे: शेतकऱ्याला कर्ज तारणावर मिळतं आणि तारण म्हणजे जमीन. जिचं नाव कागदावर नाही, तिनं पिकवलेली मिरची खरी असते पण तारण ठेवायला तिच्याकडे काही नसतं. कमाई मात्र तिची. २००४ च्या कुटुंब कायद्याप्रमाणे लग्नात कष्टानं मिळवलेलं दोघांचं, पण वारशानं आलेलं ज्याचं त्याचं. गोव्यात, जिथे पोर्तुगीज संहितेमुळे लग्नाआधीची आणि वारशाचीही मिळकत सर्वसाधारणपणे दोघांची होते, तिथल्या वाचकाला हा फरक चटकन कळेल. कोसोव्होच्या खेड्यात मिळकत म्हणजे बहुतेक वडिलोपार्जितच. त्यामुळे नव्या कायद्यातही सुनेच्या वाट्याला लग्नाच्या हक्कानं फारसं येत नाही. तिला येतं ते नवरा मेल्यावर, वारसाहक्कानं.

२०१६ मध्ये कोसोव्हो सरकारनं एक छोटा उपाय केला. नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळकत नोंदवली तर नोंदणीचं शुल्क माफ. २०१८ च्या आसपास देशातल्या नोंदलेल्या मिळकतींत बायकांच्या नावावरच्या एक पंचमांशाच्याही आत होत्या, तेव्हा क्रांती वगैरे झाली असं कुणी म्हणू नये. पण समान वाट्याच्या कायद्यापेक्षा या माफीत मला जास्त जोर दिसतो. वारसा कायदा बहिणीला भावाविरुद्ध उभं करतो आणि तिथे ती सही करून मोकळी होते. जोडनोंदणीत भाऊ येतच नाही. दिरालाही तक्रारीला जागा उरत नाही, कारण जिवंत नवऱ्यानं स्वतःच्या हातानं सही केलेली असते. आपल्या रचलेल्या घरात थोरल्यानं १९९८ मध्ये अशी नोंद केली असती, तर दिराशी होणारी बोलणी वेगळ्या ठिकाणाहून सुरू झाली असती. त्यासाठी आधी आजोबांचं नाव उतरवावं लागलं असतं, आणि ते काम अनेक घरांत कुणी हाती घेतलेलं नाही.